नियमित रक्तदाता व्हायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लोकांसाठी सुरुवातीपासून सगळी माहिती

आपल्या भागात रक्त देणाऱ्यांची कमी नाही हे आधीच सांगतो. मंडळाचा कॅम्प असू दे, शिवजयंती असू दे, नाहीतर कुणाचा वाढदिवस असू दे, पोरं रांग लावून देतात आणि मनापासून देतात. अडचण दुसरीकडंच आहे. रक्त साठवून ठेवायला मुदत असते. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, आणि प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. आता समजा एका रविवारी एका मांडवात दीडशे बाटल्या जमल्या, सगळी पोरंच. त्या दीडशे जणांना पुढचे ९० दिवस रक्त देता येत नाही, पण त्यांनी दिलेल्या लाल पेशींची मुदत ४२ दिवसांत संपली, मग मधल्या दीड महिन्यात कुणाला लागलं तर नातेवाईक फोन फिरवत बसतात आणि व्हॉट्सॲपवर "अर्जंट बी पॉझिटिव्ह पाहिजे" फिरायला लागतंय. प्लेटलेट्सचं तर बोलायलाच नको, रविवारच्या कॅम्पमधल्या प्लेटलेट्स पुढच्या सोमवारी कुणाच्याच कामाच्या नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गर्दीत एकदा देण्यापेक्षा ठरवून, अंतर ठेवून, वर्षानुवर्षं देणारा माणूस जास्त उपयोगाचा. थॅलेसेमिया असलेल्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं आणि ते जन्मभर लागतं. त्याची तारीख आपल्या कॅम्पची वाट बघत नाही. तसंच बाळंतपणात अचानक होणारा रक्तस्राव, कॅन्सरचे पेशंट, आणि आपल्या पुणे-बेंगळूर हायवेवरचे ॲक्सिडेंट, ह्यातलं काहीच कॅलेंडर बघून होत नाही.

आधी बघा, तुम्ही नियमात बसताय का

वय १८ ते ६५. पण पहिल्यांदाच देणार असाल तर ६० च्या आत पाहिजे. वजन कमीत कमी ४५ किलो, मग ३५० मिली घेतात; ५५ किलोच्या वर असाल तर ४५० मिली पण घेऊ शकतात. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नको, बाई असो की पुरुष, आकडा एकच. वरचा बीपी १०० ते १४० मध्ये आणि खालचा ६० ते ९० मध्ये. पुरुषांनी दोन वेळांमध्ये ९० दिवस ठेवायचे, बायकांनी १२० दिवस.

बीपीची गोळी चालू आहे म्हणून आपण बाद, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. गोळी घेऊन बीपी ह्या आकड्यांत राहत असेल आणि गेल्या २८ दिवसांत गोळी किंवा डोस बदललेला नसेल तर चालतंय. शुगरचंही तसंच, गोळीवर कंट्रोलमध्ये असेल आणि गोळी अलीकडं बदललेली नसेल तर डॉक्टर तपासून घेतात. इन्सुलिन चालू असेल तर मात्र नाही.

थांबायचं कधी, तर टॅटू काढला किंवा नाक-कान टोचले तर १२ महिने. मलेरिया पूर्ण बरा झाल्यावर ३ महिने, डेंग्यू किंवा चिकनगुनिया होऊन गेला तर ६ महिने, टायफॉईड झाला तर वर्षभर. कुत्रं चावून रेबीजची इंजेक्शनं घेतली असली तरी वर्षभर. बाळंतपणानंतर १२ महिने आणि पुढं बाळ अंगावर पीत असेल तोवर नाही, पाळीच्या दिवसांतही नाही. दात काढलाय, अँटिबायोटिक चालू आहे, छोटं-मोठं ऑपरेशन झालंय, तर ते तिथं सांगा, किती दिवस थांबायचं ते डॉक्टर सांगतील. कावीळ कधी झाली असेल तर तेही सांगायचंच, कारण ती कुठल्या प्रकारची होती त्यावर ठरतंय, आणि हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर मग कधीच देता येत नाही.

आणखी एक, आपल्याकडं कामाला लागू पडणारं आहे म्हणून वेगळं लिहितो. उद्यमबागला नाहीतर मच्छेला फाउंड्रीत नाइट शिफ्ट करून तसंच सकाळी येऊन रक्त द्यायचं नाही, आधी झोप पूर्ण करा. लांब पल्ल्याची गाडी चालवणारे, आणि अंगमेहनतीचं, उंचावरचं काम करणारे, ह्यांनी पुढच्या ड्युटीच्या आधी २४ तास तरी मोकळे ठेवून द्यायचं. म्हणजे सुट्टी लागते त्या दिवशी सकाळीच.

एक जागा धरा

नियमित व्हायचं असेल तर जिथं कॅम्प दिसेल तिथं देण्यापेक्षा एक रक्तकेंद्र पक्कं करा. ब्लड बँकेला आता कागदोपत्री रक्तकेंद्र म्हणतात. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटल म्हणजे बिम्समध्ये आहे, नेहरूनगरला केएलई हॉस्पिटलमध्ये आहे, शहरात आणखीही आहेत. ई-रक्तकोश म्हणून केंद्र सरकारची वेबसाइट आहे, त्यात राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव टाकलं की कुठली केंद्रं आहेत आणि कुठल्या ग्रुपचा किती साठा आहे ते दिसतंय. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचे लोक कोल्हापूरला जवळ पडतात म्हणून तिकडंही देतात, त्यात काही बिघडत नाही, रक्ताला राज्याची हद्द नसते, फक्त दोन्हीकडं देत असाल तर तारखा एकाच वहीत लिहा.

एक जागा धरण्याचा फायदा असा, की तिथं तुमचा ग्रुप, जुनं हिमोग्लोबिन, कुठल्या हातातली शीर चांगली सापडते, मागच्या वेळी चक्कर आली होती का, हे सगळं नोंदलेलं राहतंय. आणि त्यांच्याकडं साठा कमी झाला की ते फोन करतात. मी तर म्हणीन पहिल्याच वेळी तिथल्या माणसाला स्पष्ट सांगा, "मी दर तीन महिन्यांनी येणार आहे, तुमच्याकडं कधी कमी असतं ते सांगा, मी तेव्हा येतो." असा रक्तदाता त्यांना पाहिजेच असतो.

भाषेचं पण बोलून घेऊ. फॉर्म बऱ्याचदा कन्नड आणि इंग्लिशमध्ये असतो. खेड्यातनं आलेला माणूस, विशेष करून खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली वयस्कर माणसं, समजलं नाही तरी लाजून सगळीकडं "नाही"वर टिक करून सही करतात. हे करू नका. तो फॉर्म नावापुरता नाही, रक्त ज्याला चढणार त्याचा जीव त्या उत्तरांवर आहे. तपासणी होते ना मग काय, असं म्हणू नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया एवढी तपासणी करावीच लागते, पण नुकती लागण झालेली असेल तर सुरुवातीचे काही दिवस टेस्टमध्ये ती दिसत नाही. म्हणून सरळ सांगायचं, "सर, मला हे मराठीत सांगा." बेळगावात स्टाफमध्ये मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच, आणि "ऊट आतेन्री?" एवढं विचारलं तर जेवण झालं का विचारतायत हे आपल्याला कळतंच की. तुमच्या मंडळाचा कॅम्प असेल तर फॉर्मशेजारी मराठीत समजावणारा एक माणूस बसवा, ते चहा-बिस्किटापेक्षा जास्त गरजेचं आहे.

आणि फक्त एचआयव्हीची टेस्ट फुकट करून मिळावी म्हणून रक्त द्यायला जाऊ नका. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात आयसीटीसी सेंटर असतं, तिथं टेस्ट मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात.

पहिल्या वेळचा दिवस

आदल्या रात्री नीट झोपा, दारू नको. सकाळी पोटभर खाऊन निघा. उपाशी पोटी द्यायचं नाही, आणि इथं आपल्या लोकांची गडबड होते, एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवासाच्या दिवशी रक्त देऊन दुप्पट पुण्य मिळवायचं असं काहींच्या डोक्यात असतंय. भाव चांगला आहे, पण उपवास धरलेल्या माणसाचं रक्त नियमानंच घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी पारणं सोडून, जेवून या. भाकरी-आमटी, पोहे, इडली, जे रोजचं आहे ते खा, फार तेलकट नको, आणि निघायच्या आधी दोन मोठे ग्लास पाणी प्या. हे पाण्याचं विसरू नका, चक्कर न येण्यासाठी सगळ्यात सोपा उपाय तोच.

ढिल्या बाहीचा शर्ट घाला. ओळखपत्र घ्या. तिथं गेल्यावर फॉर्म, वजन, बीपी, मग बोटाला टोचून हिमोग्लोबिन. डॉक्टर चार प्रश्न विचारतात. मग पलंगावर झोपवून दंडाला पट्टा बांधतात. पिशवी नवीन, सुई त्या पिशवीलाच जोडलेली आणि एकदाच वापरायची, त्यामुळं रक्त दिल्यानं तुम्हाला कुठला रोग लागणं शक्य नाही. सुई थोडी जाड असते, आत जाताना चिमटा बसतो, नंतर फारसं काही जाणवत नाही. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं. येण्यापासून जाण्यापर्यंत सगळं मिळून तास धरा.

भीती वाटत असेल तर झोपल्या झोपल्या पायाच्या पोटऱ्या आणि मांड्या पाच सेकंद आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या. ह्यानं बीपी पडत नाही. डोळ्यासमोर अंधारी आली, घाम फुटला, मळमळलं तर गप्प बसून सहन करू नका, लगेच सांगा, पाय वर करून झोपवतात आणि थोड्या वेळात ठीक वाटतं. पहिल्यांदा देणाऱ्या तरुण पोरांना हे जास्त होतं, त्यात कमीपणा काही नाही, आणि एकदा चक्कर आली म्हणजे आपल्याला रक्तदान झेपत नाही असंही नाही.

झाल्यावर पंधरा मिनिटं बसा. कापूस लावलेली जागा दुसऱ्या हातानं दाबून धरा, हात सरळ ठेवा, कोपरात दुमडू नका, दुमडला की तिथं काळं-निळं पडतंय. दिलेलं बिस्किट-सरबत घ्या, "नको नको" करू नका. तासभर सिगारेट-तंबाखू नको. त्या हातानं दिवसभर पोतं, सिलिंडर, गॅलन उचलू नका. लगेच गाडीला किक मारून खानापूरला निघू नका, जरा वेळ थांबा, सोबत कुणी असलं तर त्याला चालवू द्या. दिवसभर पाणी जास्त.

घरची काळजी

घरात आई म्हणतेच, "तुझ्याच अंगात रक्त नाही आणि तू दुसऱ्याला द्यायला निघालास." तिला रागावू नका, समजावून सांगा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं घेतात ३५० मिली. त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी भरून यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तर नियमात तीन महिने ठेवलेत.

पण आईचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही, आणि नियमित देणाऱ्यानं ह्याच गोष्टीकडं सगळ्यात जास्त लक्ष द्यायला पाहिजे. लाल पेशी भरतात, पण प्रत्येक वेळी अंगातलं साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं आणि ते भरायला पेशींपेक्षा जास्त वेळ लागतो. एकदा देऊन थांबणाऱ्याला फरक पडत नाही. वर्षाला तीन-चार वेळा देणाऱ्याला पडतो. हिमोग्लोबिन अजून बरं दिसतं पण आतला लोहाचा साठा उतरत चाललेला असतो, मग जिना चढताना दम लागणं, केस गळणं, कामात लक्ष न लागणं सुरू होतं. नियमित देत असाल तर वर्षातनं एकदा सीबीसीबरोबर फेरिटिनची टेस्ट करून घ्या. फेरिटिन म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट. कमी आली तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या आणि रक्तदानाची एखादी खेप चुकवा, त्यात काही बिघडत नाही. बायकांनी तर हे नक्कीच करायचं, पाळीतनं लोह जातंच, वरनं रक्तदान.

खाण्यात आपल्याकडं कशाची कमी नाही. हुलग्याची आमटी, मटकी, हरभरा, अंबाडीची म्हणजे पुंडीची भाजी, राजगिरा, तीळ, आळीवाचे लाडू. मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजी, त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. शाकाहारी लोकांनी जेवताना लिंबू पिळायचं, नाहीतर जेवणात आवळा-पेरू घ्यायचा, त्यातल्या सी व्हिटॅमिनमुळं डाळी-भाज्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. आणि चहा! जेवणाला लागूनच चहा पिणं सोडा. चहा-कॉफीनं लोह शोषायला अडथळा येतो, जेवणानंतर तासभर तरी अंतर ठेवा. नुसता गूळ-शेंगदाणा खाऊन हिमोग्लोबिन वाढतं ही समजूत आहे, गुळातलं लोह थोडंच असतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आपल्याकडच्या कितीतरी वहिनी-काकू हौसेनं येतात आणि हिमोग्लोबिन अकरा निघाल्यामुळं परत जातात, खट्टू होतात. परत पाठवलं म्हणजे अपमान झाला असं समजू नका. उलट फुकटात कळलं की अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरकडं जा, कारण शोधा, पाळीत जास्त जातंय का, जंत आहेत का, खाण्यात कमी आहे का, दोन-तीन महिने इलाज करा आणि परत या. अशी परत आलेली बाई पुढं वर्षाला तीन वेळा देऊ शकते.

वर्षाचं वेळापत्रक

पुरुष असाल तर वर्षाला चार, बाई असाल तर तीन. पण ह्या वेळा कुठं पाडायच्या ह्यात खरं डोकं लावायचंय. कॅम्प कधी होतात ते बघा, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १ ऑक्टोबर म्हणजे राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, १४ जून म्हणजे जागतिक रक्तदाता दिन, शिवजयंती, गणपती. त्या दिवसांत साठा येतोच. ओढ लागते एप्रिल-मे मध्ये, कॉलेजं बंद, पोरं गावाला, लग्नसराई, ऊन. दुसरी ओढ दिवाळीच्या आठवड्यात. आणि पावसाळा सरताना डेंग्यूचे पेशंट वाढतात तेव्हा प्लेटलेट्सची.

म्हणून मी सुचवीन ते असं. एक खेप मेच्या सुरुवातीला, दुसरी ऑगस्टच्या सुरुवातीला, तिसरी दिवाळीच्या आसपास, चौथी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ९० दिवस भरलेत हे बघून. बायकांनी मे, सप्टेंबर आणि जानेवारी धरावं. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, रक्त दिलं त्याच दिवशी पुढची तारीख टाकायची, नंतर टाकतो म्हटलं की राहतंच. आणि एक छोटी वही करा, तारीख, ठिकाण, हिमोग्लोबिन, बीपी, कसं वाटलं. पाच-सहा ओळी झाल्या की हिमोग्लोबिन उतरतंय का चढतंय ते तुम्हालाच दिसेल.

मंडळाच्या पोरांना माझी खास विनंती. समजा तुमच्यात रक्त देणारे ३६ जण आहेत. सगळ्यांनी एकाच दिवशी देऊन फोटो काढण्यापेक्षा बारा-बारांच्या तीन टोळ्या करा. पहिली टोळी जानेवारीत, दुसरी फेब्रुवारीत, तिसरी मार्चमध्ये, मग ९० दिवस भरले की एप्रिलमध्ये परत पहिली. दर महिन्याला बारा बाटल्या, बारा महिने, न चुकता. रक्तकेंद्राला आधी सांगून ठेवा, कुठल्या आठवड्यात या ते तेच सांगतील. मोठा कॅम्प घ्यायचाच असेल तर घ्या, पण त्यांना विचारून तारीख ठरवा, त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत दुसरा कॅम्प नाही ना हे बघा.

अर्जंट फोन आला तर

नाव सगळीकडं पसरलं की फोन यायला लागतात. आधी विचारा, पेशंटचं नाव, कुठलं हॉस्पिटल, डॉक्टरची चिठ्ठी रक्तकेंद्रात दिली आहे का. मग रक्तकेंद्रातच फोन करून खात्री करा. व्हॉट्सॲपवर तारीख नसलेले मेसेज वर्षानुवर्षं फिरतात, पुढं पाठवायच्या आधी त्यातल्या नंबरवर विचारा, आणि गरज संपली असेल तर ग्रुपवर तसं लिहा. पैसे घेऊन रक्त देणं-घेणं हे सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १९९८ पासून देशात बंद आहे. रक्तकेंद्र जे पैसे घेतं ते तपासणी आणि साठवणुकीचे, रक्ताचे नाहीत. कुणी "गाडीभाडं देतो, वर थोडे देतो" म्हटलं तर नाही म्हणा आणि रक्तकेंद्राला कळवा.

ग्रुप निगेटिव्ह असेल तर हे लक्षात घ्या. आपल्या लोकांत शंभरात साधारण पाच जणच निगेटिव्ह असतात. रक्तकेंद्रात नाव नोंदवून त्यांना विचारून वेळ ठरवा, साठा असताना दिलं आणि लागेल तेव्हा तुमचे ९० दिवस भरले नाहीत असं व्हायला नको. आणि तपासणीत कधी तुमचा ग्रुप ओ नसून बॉम्बे ग्रुप आहे असं सांगितलं तर घाबरू नका. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, म्हणून ते नाव. साध्या तपासणीत तो ओ सारखाच दिसतो, पण अशा माणसाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं, ओ पण चालत नाही. तुमचं नाव यादीत असणं कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या सख्ख्या भावंडांची पण तपासणी करून घ्या, त्यांच्यात सापडायची शक्यता जास्त असते.

पुढची पायरी, प्लेटलेट्स

दोन-चार वेळा रक्त देऊन अंगवळणी पडलं की मशीनवरच्या प्लेटलेट दानाचं विचारा, तिथं एसडीपी म्हणतात. मशीन फक्त प्लेटलेट्स काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. तास-दीड तास लागतो. लाल पेशी जात नाहीत म्हणून दोन वेळांत ४८ तासांचं अंतरही चालतं, आठवड्याला जास्तीत जास्त दोन, वर्षाला २४. साधं रक्तदान केल्यावर मात्र २८ दिवस थांबायचं, आणि एसडीपी दिल्यावर साधं रक्त द्यायलाही २८ दिवस. आधी तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. ज्यांच्या कामाला वेळेची सवड आहे, त्यांनी इकडं वळावं असं मला मनापासून वाटतं, कारण पाच दिवसांच्या मुदतीवर, बोलावलं की येऊ शकणारी माणसं हाच एक उपाय आहे.

नोकरीला पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला गेलात तर डोनर कार्ड आणि ती वही बरोबर घ्या, तिथं पहिल्या महिन्यात जवळचं रक्तकेंद्र शोधा आणि शेवटची तारीख दाखवा. इथल्या केंद्रालाही फोन करून सांगा की मी बाहेर गेलोय, म्हणजे गरजेच्या वेळी ते तुमच्या नंबरवर वेळ घालवणार नाहीत, आणि सुट्टीत गावाकडं येणार असाल ती तारीख पण देऊन ठेवा.